आवडत्या वस्तूची शिफारस करताना तिचा बिघाडही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘माझ्या आवडीच्या गोष्टी’ या धर्तीचा मजकूर हल्ली पुरवण्यांमधून बराच येतो. कोणी पेन सुचवते, कोणी घड्याळ, कोणी मालिका, कोणी जुन्या गाण्यांचा संग्रह. हा मजकूर मी आवडीने वाचतो आणि तो वाढावा असेच मला वाटते. मात्र वस्तू ‘मस्त’ आहे, ‘घरात हवीच’ आहे, इथवर येऊन बहुतेक लेखन थांबते. ती वापरायची कशी, अडते कुठे, बिघडते का आणि बिघडल्यावर घरच्या घरी काय करता येते, याचा पत्ताच नसतो. ज्याने वस्तू वर्षानुवर्षे हाताळली आहे त्याला तिची खोड ठाऊक असते. खोड सांगितलेली नसेल, तर ती शिफारस आणि वेष्टनावरचा मजकूर यांत मला फरक दिसत नाही. माझी सूचना शेवटी मांडतो. त्याआधी मला कोणत्या प्रकारचा मजकूर अभिप्रेत आहे हे कळावे म्हणून माझ्या पसंतीच्या काही साध्या गोष्टी त्यांच्या दुखण्यांसकट इथे देतो.

पहिला मान चेनचा. पँटची, पिशवीची, जॅकेटची चेन. गिडियन सुंडबॅक यांनी 1913 मध्ये तिची आजची रचना बसवली आणि 1917 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. तेव्हापासून तिचे तत्त्व बदललेले नाही. दोन बाजूंचे दात, आणि त्यांना एका ठरावीक कोनात एकमेकांत ढकलणारा रनर. चेन लावली तरी मागून उसवत जाते तेव्हा बहुतेक लोक दातांना दोष देतात आणि अख्खी चेन बदलून घेतात. दोष सहसा रनरचा असतो. सततच्या ओढाताणीने त्याच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यामधली फट किंचित रुंदावते, दात एकमेकांत घट्ट दाबले जात नाहीत आणि रनर पुढे गेला की मागे ते सुटतात.

उपाय पाच मिनिटांचा आहे. रनर पूर्ण खाली, चेन उघडी असते त्या टोकाला न्यावा. मग छोट्या पक्कडीने रनरच्या मागच्या बाजूचे, म्हणजे जिथून जुळलेले दात बाहेर पडतात त्या बाजूचे, डावे आणि उजवे कोपरे आळीपाळीने हलकेच दाबावेत. एकदा डावा, एकदा उजवा, मग चेन लावून पाहावी. अजून उसवत असेल तर पुन्हा थोडे. एकदम जोर लावू नये. बरेच रनर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ते वाकण्याऐवजी तडकतात. आणि फट जास्त मिटली तर रनर हलतच नाही; तेव्हा चपट्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक घालून ती किंचित उघडावी लागते.

चेन जड चालत असेल तर धातूच्या दातांवर पेन्सिलीचे टोक दोन्ही बाजूंनी घासावे. ग्राफाइट वंगणाचे काम करते. नायलॉनच्या चेनवर आणि फिक्या रंगाच्या कापडावर पेन्सिल वापरू नये, डाग पडतो. तिथे मेणबत्ती घासावी. तेल मात्र कुठेच घालू नये. ते धूळ धरते आणि महिन्याभरात चेन पहिल्यापेक्षा जड होते. अस्तर रनरमध्ये अडकले तर रनर पुढे रेटण्याचा मोह होतो. तो टाळून एका हाताने रनर स्थिर धरावा आणि कापड आडव्या दिशेला, अडकले त्या बाजूनेच, हळूहळू बाहेर ओढावे.

रनर बदलायचाच झाला तर त्याच्या पाठीवरचा आकडा पाहावा. 3, 5, 8, 10 असे आकडे असतात आणि ते जुळलेल्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी ढोबळपणे सांगतात. आकडा जुळला एवढ्यावर भागत नाही. वळ्यांची नायलॉन चेन, सुटे प्लास्टिकचे दात असलेली चेन आणि धातूची चेन, तिन्हींचे रनर वेगळे असतात. पाचचा रनर दुसऱ्या जातीच्या पाचच्या चेनवर चालत नाही. म्हणून जुना रनर काढून सोबत न्यावा. एखादा दात गेला असेल आणि तो खालच्या टोकाजवळचा असेल, तर त्या जागेच्या लगेच वर जाड दोऱ्याचे आठ-दहा वेढे घट्ट घालून नवा अडसर करावा. चेन तेवढ्याने आखूड होते, पण पिशवी वाचते. दात मधलाच गेला असेल तर हा उपाय नाही, चेन बदलावी. आणि कपडे धुताना चेन लावलेली असावी. उघड्या चेनचे दात यंत्रात इतर कपड्यांत अडकतात आणि रनर वाकडा होतो.

चेनवर घासायला लागणारी पेन्सिल ही माझी दुसरी शिफारस, पण ती एचबी नव्हे. रोजच्या लिखाणासाठी 2बी घ्यावी. निकोला-जाक काँते या फ्रेंच संशोधकाने 1795 मध्ये ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती कालवून भाजण्याची पद्धत काढली. माती जास्त तितकी पेन्सिल कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त तितकी मऊ आणि काळी. कडकांना एच, काळ्यांना बी. 2बीने कागदावर जोर द्यावा लागत नाही, बोटे दुखत नाहीत आणि मागच्या पानावर वळ उमटत नाहीत. तिची खोड म्हणजे ती लवकर झिजते आणि हाताला पुसली जाते. वहीची दोन्ही पाने एकमेकांवर घासली जाणार असतील तर बीवर यावे.

घेताना पेन्सिलीचे मागचे टोक डोळ्यांसमोर धरून पाहावे. शिसे लाकडाच्या बरोबर मध्यात असले पाहिजे. ते एका अंगाला सरकले असेल तर शार्पनरमध्ये एका बाजूचे लाकूड टोकापर्यंत चढते, दुसऱ्या बाजूला शिसे उघडे पडते आणि टोक मोडत राहते. मग दोष शार्पनरला दिला जातो. शार्पनरचा दोष असतो तेव्हा लक्षण वेगळे दिसते. साल सलग, पातळ निघण्याऐवजी भुसा आणि तुकडे निघतात, लाकूड फाटल्यासारखे खरबरीत होते. पाते बोथट झाले आहे. एका स्क्रूने ते बदलता येते. सालही चांगली निघते, शिसेही मध्यात आहे, तरी दर अर्ध्या सेंटिमीटरला तुकडा पडत असेल, तर ती पेन्सिल कधीतरी कडक जमिनीवर आपटलेली आहे आणि आत शिशाचे तुकडे झाले आहेत. तिला उपाय नाही.

पेन्सिलीचा एक गुण फार कमी जण वापरतात. ग्राफाइट म्हणजे कार्बन. उजेडाने तो उडत नाही, पाण्याने फुटत नाही. बऱ्याच पेनांची शाई उन्हात काही वर्षांत फिकी पडते. म्हणून माळ्यावरच्या खोक्यांच्या चिठ्ठ्या, बियांच्या पाकिटांवरची नावे, जुन्या कागदी फोटोंच्या पाठीवरच्या तारखा मऊ पेन्सिलीने, फोटो कडक काचेवर ठेवून, जोर न देता लिहाव्यात. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. ज्या फोटोंच्या पाठीला प्लास्टिकचा गुळगुळीत थर असतो त्यांच्यावर पेन्सिल उमटत नाही. त्यांच्यासाठी पाकीट वापरावे आणि पाकिटावर आधी लिहून मग फोटो आत घालावा.

खोडरबराला त्याचे पुठ्ठ्याचे वेष्टन असू द्यावे. पांढरे खोडरबर पीव्हीसीचे असते आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य दुसऱ्या प्लास्टिकला लागून राहिले की त्यात उतरते. कंपासपेटीतल्या पट्टीला खोडरबर चिकटून खळगा पडतो, तो यामुळेच. उष्णतेने हे आणखी लवकर होते, म्हणून पेटी उन्हात ठेवू नये.

सहा बाजूंची पेन्सिल कॅसेटच्या चाकात चपखल बसते, हे एका पिढीला सांगायला नको. पण ज्यांच्या घरी आजी-आजोबांच्या आवाजाच्या, बारशाच्या, गावच्या नाटकाच्या कॅसेट अजून खणात आहेत, त्यांनी त्या यंत्रात घालण्याआधी पुढचे वाचावे. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेल्या या डबीत टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या गतीने सरकते. 90 मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे 130 मीटर टेप असते. 60 ची टेप सुमारे 18 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड, 90 ची 12, आणि 120 ची जेमतेम 9. म्हणून 120 च्या कॅसेट सर्वांत आधी ताणल्या जातात आणि यंत्रात गुंततात. जपून ठेवण्यासारखा आवाज 120 मध्ये असेल तर तो सर्वांत आधी संगणकावर उतरवावा.

बरीच वर्षे पडून असलेली कॅसेट थेट वाजवू नये. आधी पेन्सिलीने चाक फिरवून टेप मोकळी फिरते का पाहावे. फिरत असेल तर यंत्रात एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्यावी, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. मग खिडकीतून आत पाहावे. टेपच्या मागे, मधोमध, एका पातळ पत्र्यावर नमद्याचा छोटा तुकडा असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. जुना डिंक सुकून तो गळून पडला की आवाज दबका आणि खाली-वर होणारा येतो, आणि लोक समजतात की ध्वनिमुद्रणच खराब झाले. स्क्रूची डबी असेल तर ती उघडून दुसऱ्या निरुपयोगी कॅसेटमधला तुकडा पत्र्यासकट बसवता येतो. डबी चिकटवलेली असेल तर टेपची दोन्ही चाकेच नव्या, स्क्रूच्या डबीत हलवावी लागतात.

कॅसेट ‘खाल्ली’ जाते ती बहुतेक वेळा यंत्राच्या दोषाने. रबराच्या रोलरवर टेपची तपकिरी भुकटी बसलेली असते, किंवा टेप गोळा करणाऱ्या चाकाचा पट्टा सैल पडलेला असतो. हेड आणि धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावी. रबराला मात्र साबणाचे सौम्य पाणी लावावे, अल्कोहोल वरचेवर लागले तर रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट घालू नये. आवाज स्वच्छ पण बोथट येत असेल, ‘स’ आणि ‘श’ ऐकूच येत नसतील, तर हेडचा कोन त्या कॅसेटशी जुळत नाही. हेडशेजारी स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो अगदी किंचित, पाव फेऱ्याहूनही कमी, इकडे-तिकडे फिरवत ‘स’ सर्वांत धारदार येईल तिथे सोडावा. स्क्रू-ड्रायव्हर लोहचुंबक झालेला नसावा. डबीच्या मागच्या कडेच्या दोन्ही जिभल्या मोडून टाकल्या की त्यावर चुकून दुसरे काही भरले जात नाही. हे काम आजच करावे.

बटणाबद्दल थोडक्यात. कोटाचे किंवा जाड कापडाचे बटण कापडाला घट्ट टेकवून शिवू नये. बटणावर एक काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालावेत, शेवटी काडी काढून घ्यावी, बटण वर ओढावे आणि बटण व कापड यांच्यामध्ये दोरा चार-पाच वेढे गुंडाळून गाठ मारावी. या देठाची उंची काजाच्या कापडाच्या जाडीइतकी हवी. देठ नसला की बटण लावल्यावर कापड गोळा होते, काजाची कड दोऱ्यावर घासते आणि बटण तुटते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, गाठी पडतात.

घड्याळांत माझी पसंती कॅसिओच्या एफ-91डब्ल्यू या काळ्या प्लास्टिकच्या घड्याळाला. 1989 पासून ते जवळपास त्याच रूपात बनते आहे. वजन 21 ग्रॅम, जाडी साडेआठ मिलिमीटर, सीआर2016 सेल, जो साधारण सात वर्षे चालतो. गजर, तारीख, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतचे स्टॉपवॉच. दोष दोन. दिवा नावापुरता आहे, फक्त डावा कोपरा उजळतो. आणि पाण्याबद्दलचा शिक्का म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, एवढाच अर्थ धरावा. पाण्यात बुडवलेले असताना बटण दाबले तर बटणाच्या कडेने पाणी आत शिरते.

वेळ लावण्याची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिचे पत्रक पहिल्याच आठवड्यात हरवते. खालचे डावे बटण तीनदा दाबले की सेकंद लुकलुकू लागतात. रेडिओवर वेळेचा शेवटचा ठोका पडताच उजवे बटण दाबावे. सेकंद शून्यावर येतात. मात्र सेकंद 30 च्या पुढे असताना दाबले तर मिनिटाचा आकडाही एकाने वाढतो. घड्याळ एक मिनिट पुढे जाते ते यामुळे. वरच्या डाव्या बटणाने पुढच्या आकड्यावर जावे आणि उजव्याने तो बदलावा. नेहमीच्या वेळेच्या पडद्यावर उजवे बटण एकदा दाबले की 12 आणि 24 तासांची पद्धत बदलते. अनेकांना हे चुकून होते आणि घड्याळ बिघडले असे वाटते. तेच बटण तीन सेकंद दाबून धरल्यावर कंपनीचे नाव पडद्यावर यायला हवे. अस्सल-नक्कल ओळखायची ही सोपी परीक्षा आहे.

महिन्याला 30 सेकंदांपर्यंत पुढे-मागे होणे हा त्याचा जाहीर केलेला हिशेब आहे. आतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि हा वेग सुमारे 25 अंशांना सर्वाधिक असतो. त्याहून गार किंवा गरम, दोन्हीकडे तो मंदावतो. मनगटावर घड्याळाला साधारण सारखी ऊब मिळते. म्हणून ते हातात असताना जास्त बरोबर चालते आणि थंडीत टेबलावर पडून राहिले की काही सेकंद मागे पडते.

सेलच्या बाबतीत एक गमतीदार आणि खरी परीक्षा आहे. अल्कलाइन पेन्सिल सेल कडक सपाट जागेवर दोन-तीन सेंटिमीटरवरून उभा, सपाट टोकावर सोडावा. नवा सेल थप्प करून बसतो, वापरलेला उसळतो. आतले जस्ताचे जेल वापराने घट्ट ऑक्साइडमध्ये बदलते, धक्का शोषून घेणारे मऊ द्रव्य उरत नाही, म्हणून तो उसळतो. मात्र सेल निम्मा संपेपर्यंत ही उसळी पूर्ण वाढलेली असते, त्यामुळे उसळलेला सेल फेकू नये. तो नवा नाही एवढेच त्यातून कळते. भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये तो अजून कित्येक महिने जाऊ शकतो.

नवा आणि जुना सेल एकत्र कधीच घालू नये. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून प्रवाह रेटत राहतो, आत वायू साठतो, सील फुटते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते. स्प्रिंगवर पांढरी-निळी पूड दिसते ती त्याचीच. ती क्षार असल्याने नुसत्या पाण्याने धड निघत नाही. हातमोजे घालून, सेल काढून, कापसाच्या काडीला व्हिनेगरचे थेंब लावून पुसावे, फेस थांबला की जराशा ओल्या काडीने व्हिनेगर पुसून घ्यावे आणि एक दिवस उघडे वाळवावे. स्प्रिंगचा रंग काळा राहिला तर बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरवावा. जे उपकरण क्वचित लागते, जसे की टॉर्च, त्यातले सेल बाहेर काढून ठेवावेत.

आणखी एक छोटी वस्तू, जी प्रत्येक टेबलावर असते: ए4 कागद. ए0 कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर ठरलेले आहे आणि ए4 त्याचा सोळावा भाग. म्हणून 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा, एक ए4 कागद जवळजवळ नेमका पाच ग्रॅम भरतो. वीस कागद म्हणजे शंभर ग्रॅम. छोटा डिजिटल वजनकाटा खरा सांगतो का, हे वजनमापे नसतानाही असे तपासता येते. कागद नुकत्याच फोडलेल्या गठ्ठ्यातले घ्यावेत. दमट हवेत उघडे राहिलेले कागद ओलावा शोषून जड होतात. एकेक कागद ठेवू नये, काटा तेवढा बारीक फरक नीट दाखवत नाही.

आता पडद्यावरच्या आणि कानावरच्या करमणुकीकडे वळतो. चित्रपट कोणत्याही भाषेतला असो, मूळ आवाजात आणि सबटायटल्ससह पाहावा, ही माझी सर्वांत आग्रहाची शिफारस. डबिंगमध्ये नटाचा निम्मा अभिनय जातो, कारण आवाज हाही अभिनयच असतो. सबटायटल्सना नकार देणाऱ्यांचा अनुभव बहुधा वाईट सबटायटल्सचा असतो. चांगल्या सबटायटलमध्ये एका वेळी दोनच ओळी असतात, ओळीत साधारण 40 अक्षरे, आणि ती जास्तीत जास्त सात सेकंद पडद्यावर राहते. त्याहून दाट मजकूर आला की डोळे खालीच अडकतात आणि चित्र सुटते.

स्वतःच्या संगणकावर चित्रपट पाहताना सबटायटल्स पुढे-मागे होतात, तेव्हा दोन दोषांमध्ये फरक करावा. सुरुवातीला जेवढा फरक तेवढाच शेवटी असेल, तर तो सरळ उशीर आहे. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी सबटायटल एका वेळी 50 मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे सरकते. ‘जी’ लवकर आणते, ‘एच’ उशिरा. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत असेल, तर कितीही कळा दाबून उपयोग नाही. ती फाइल वेगळ्या गतीच्या प्रतीसाठी बनलेली आहे. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी घेतला जातो. काही देशांच्या टीव्ही पद्धतीसाठी तो 25 ने पळवतात. 25 साठीची सबटायटल्स 23.976 च्या, म्हणजे जवळजवळ 24 च्या, प्रतीवर लावली तर तासाभरात ती सुमारे अडीच मिनिटे आधी धावतात. इथे सबटायटलची गती बदलावी लागते, किंवा आपल्या प्रतीची बरोबर जोडफाइल शोधावी.

मराठी सबटायटलच्या जागी भलतीच चिन्हे किंवा चौकोन दिसले तर फाइल खराब झाली असे समजू नये. सबटायटलची एसआरटी ही साधी मजकुराची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडावी. तिथे देवनागरी नीट दिसत असेल तर ‘सेव्ह ॲज’ करून एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडावे. तरीही चौकोनच दिसत असतील तर प्लेअरच्या सबटायटल सेटिंगमध्ये देवनागरी असलेला फाँट निवडावा. जोडाक्षरे तुटून हलन्त दिसत असतील तर तो दोष प्लेअरच्या अक्षरजुळणीचा आहे, दुसरा प्लेअर वापरून पाहावा. फाइलचे नाव चित्रपटाच्या फाइलसारखेच ठेवले की ती आपोआप लागते.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारे, ही तक्रार घरोघर ऐकू येते. पुष्कळदा टीव्हीला दोनच स्पीकर असतात आणि आवाजाची निवड 5.1 वर, म्हणजे अनेक स्पीकरांसाठीच्या मिश्रणावर, असते. त्या मिश्रणात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, जो घरात नसतोच. आवाजाच्या यादीतून ‘स्टिरिओ’ निवडल्यावर बऱ्याचदा फरक पडतो. त्याच वेळी टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. सोनीवर तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस. ती मूळ चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रे घुसवते आणि मोठा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. 2020 पासून काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ मिळतो, तो निवडला की ही सोय एका बटणात बंद होते. क्रिकेट किंवा फुटबॉल पाहताना ती चालू ठेवायला हरकत नाही. तिथे चेंडूची रेघ स्वच्छ दिसते.

शेवटची शिफारस: गाण्यांचा अल्बम ठरवलेल्या क्रमाने, आणि मध्ये थांबून ऐकावा. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने आणलेली एलपी ही मोठी तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे फिरते आणि एका बाजूला साधारण 22 मिनिटे मावतात. फेरे तेवढेच राहिले तरी सुई आत जाते तसा तिच्याखालून जाणारा खाचेचा वेग घटतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर असतो, आतल्या कडेला 21 च्या आसपास. तेवढ्याच आवाजाला आत कमी जागा मिळते आणि तार स्वर फाटतात. म्हणून त्या काळी दणदणीत गाणे बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणे शेवटाकडे ठेवण्याकडे कल असे. क्रम विस्कटला की ही सारी रचना जाते. फोनवर ऐकताना आधी ‘शफल’ बंद करावे. ‘क्रॉसफेड’ शून्यावर न्यावे, नाहीतर एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत बुडतो. ‘गॅपलेस’ चालू करावे, कारण एमपी3 फाइल ध्वनीचे 1,152 नमुन्यांचे तुकडे करते आणि शेवटचा तुकडा भरायला कोरी शांतता जोडते. सलग मैफलीच्या ध्वनिमुद्रणात ती खटकन जाणवते. आणि जिथे पहिली बाजू संपत असे तिथे मिनिटभर थांबावे. कोणते गाणे कुठल्या बाजूला होते हे जुन्या वेष्टनाच्या छायाचित्रावर वाचता येते.

आता सूचना. आपल्या पुरवणीत वाचकांकडून किंवा लेखकांकडून आवडीच्या गोष्टी मागवताना प्रत्येकाला तीन प्रश्न ठरवून विचारावेत: ही वस्तू कोणासाठी नाही, ती पहिल्यांदा कुठे बिघडते, आणि तो बिघाड कसा ओळखायचा. उत्तराला दीडशे शब्दांची जागा पुरते. फोटो थोडा लहान केला तरी चालेल. ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत त्याची शिफारस त्या आठवड्यात छापू नये, ती वस्तू आणखी सहा महिने वापरून झाल्यावर पुन्हा मागवावी. आणि वाचकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या व हरकती त्याच पानावर, पुढच्याच अंकात याव्यात. माझ्या वरच्या मजकुरात कोणाला चूक आढळली, तर ती सर्वांत आधी छापावी.

कळावे.
आपला,
एक नियमित वाचक